तबकडीवरचें गाणें संगणकांत लवकर कसें उतरवावें?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांतील पुष्कळ मराठी घरांतून एक कपाट हटकून आढळतें. त्याच्या वरच्या कप्प्यांत जुने दिवाळी अंक असतात आणि खालच्या कप्प्यांत पारदर्शक डब्यांत बंद केलेल्या संगीताच्या सीडी. नाट्यगीतें, अभंग, भावगीतें, ख्यालगायनाच्या बैठकी असा संसारांतून काटकसर करून जमविलेला हा ठेवा असतो. त्यांतल्या कित्येक तबकड्या काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस'मधून हौसेनें विकत आणलेल्या असतात. तें दुकान २०१६ सालीं बंद झालें. नव्या संगणकांना तर बहुधा सीडी घालण्याची जागाच नसते, आणि तबकड्या वाजविणारीं यंत्रें एकामागून एक मूक होत चाललीं आहेत. अशा वेळीं घरांतल्या जुन्या, मेजावरच्या संगणकाचा सीडी ड्राइव्ह अद्याप चालत असेल, तर त्याच्या साहाय्यानें हें सारें संगीत संगणकांत उतरवून ठेवावें, असा विचार अनेकांच्या मनांत येतो. परंतु पांच-दहा तबकड्या झाल्या कीं उत्साह मावळतो. एकेका तबकडीला अर्धा-पाऊण तास लागूं लागला, तर दोनशें तबकड्या संपावयाच्या तरी केव्हां? म्हणून हें काम त्वरेनें कसें करावें, आणि त्वरा करतांना तें नासणार नाहीं याची काळजी कशी घ्यावी, याविषयीं आज थोडें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची किंवा कॅसेटची घरीं नक्कल करावयाची म्हणजे तें गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावें लागे. एक तासाच्या कॅसेटला सामान्यतः एक तास हा हिशेब असे. सीडीची गोष्ट निराळी आहे. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून ठरविलेली ही तबकडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिच्यावर गाण्याच्या लहरी नसतात, तर त्या लहरींची मोजमापें आकड्यांच्या रूपानें नोंदलेलीं असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेतलेलें असतें; तेंही डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंचें. एका मापाला दोन बाइट लागतात. यावरून एका सेकंदाचें संगीत म्हणजे १,७६,४०० बाइट होतात, आणि ७४ मिनिटांची तबकडी म्हणजे सुमारे ७८ कोटी बाइटांची एक लांबलचक वही होते. तेव्हां सीडीवरचें गाणें संगणकांत घेणें म्हणजे गाणें ऐकून पुन्हां मुद्रित करणें नव्हे, तर ही वही वाचून तिची प्रत उतरणें होय. वही वाचण्याला गाण्याच्या लयीचें बंधन नाहीं. ज्याला जितक्या जलद वाचतां येईल तितकें त्यानें वाचावें.

मग वाचन मंद कां होतें? तबकडीची रचना पाहिली म्हणजे याचें पहिलें कारण उमगतें. तिच्यावर सूक्ष्म खळग्यांची एकच रेघ आंतल्या बाजूपासून बाहेरच्या कडेपर्यंत चक्राकार गेलेली असते. या रेघेच्या दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित् अधिक, म्हणजे १.६ मायक्रोमीटर असतें. ही रेघ उलगडून सरळ पसरली तर तिची लांबी सुमारे ५.३ किलोमीटर भरेल. वर्सोव्याहून अंधेरीमार्गें घाटकोपरला जाणारी आपली मेट्रो ११.४ किलोमीटर धांवते. तिच्या जवळ जवळ निम्म्या वाटेइतकी ही रेघ तळहातावर मावणाऱ्या तबकडींत गुंडाळलेली आहे! तबकडी नेहमीच्या वेगानें वाजतांना आंतल्या बाजूस मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला येईतों तिचे फेरे २०० पर्यंत उतरतात; कारण कडेच्या एका फेऱ्यांत अधिक रेघ वाचली जाते.

आतां, ड्राइव्हवर '५२ एक्स' असें छापलेलें असतें. त्याचा अर्थ गाण्याच्या वेगाच्या ५२ पट असा आपण घेतों आणि ७४ मिनिटांची तबकडी दीड मिनिटांत उतरेल अशी आशा धरतों. परंतु असे जलद ड्राइव्ह तबकडी एकाच गतीनें, मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांनीं फिरवितात. त्यामुळें ५२ पट हा वेग केवळ बाहेरच्या कडेला मिळतो. आरंभीं, आंतल्या बाजूस, तो २० पटीच्या आसपासच असतो. सीडीचें लेखन आंतून बाहेर होत असल्यामुळें पहिलें गाणें सर्वांत सावकाश उतरतें. आणि ज्या तबकडींत ४० मिनिटांचेंच संगीत आहे, तिची रेघ कडेपर्यंत पोंचतच नाहीं. म्हणून आरंभीचा वेग पाहून ड्राइव्ह बिघडला अशी कल्पना करून घेण्याचें कारण नाहीं. शिवाय पुष्कळ ड्राइव्ह संगीताच्या तबकडीसाठीं आपला वेग बुद्ध्याच कमी ठेवतात. छापील आंकड्यापेक्षां पुष्कळ कमी वेग हा येथें नियमच समजावा.

मंदपणाचें दुसरें कारण तबकडींत नसून वाटेंत असतें. जलद गाडी अंधेरीला वेळेवर आली, तरी फलाटावरचा पूल अरुंद असेल तर प्रवासी बाहेर पडण्यास उशीर हा होणारच. ड्राइव्हनें वाचलेले आंकडे संगणकाच्या स्मृतींत नेण्याचे जुन्या संगणकांत दोन मार्ग असत. एका मार्गांत ड्राइव्ह आपला माल परस्पर स्मृतींत टाकतो. यास डीएमए म्हणतात. दुसऱ्यांत मध्यवर्ती प्रक्रियकाला जातीनें प्रत्येक घास भरवावा लागतो; तो पीआयओ. विंडोज एक्स्पी या प्रणालीची एक खोड अशी कीं, ड्राइव्हकडून माल येतांना वारंवार चुका झाल्या कीं ती आपण होऊन पहिला मार्ग सोडते आणि पायरी पायरीनें दुसऱ्यावर उतरते. एक ओरखडलेली तबकडी घातल्यानेंही हें घडूं शकतें. त्यानंतर चांगली तबकडी घातली तरी वेग परत येत नाहीं, आणि संगणक म्हातारा झाला असा निष्कर्ष काढून घरधनी गप्प बसतात. उपाय मात्र सोपा आहे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्यें त्या आयडीई वाहिनीच्या गुणधर्मांत 'पीआयओ' असें दिसल्यास ती वाहिनी तेथून काढून टाकावी आणि संगणक पुन्हां चालू करावा. प्रणाली ती वाहिनी नव्यानें ओळखते आणि जलद मार्ग पुन्हां मोकळा होतो. त्याच वेळीं आंतली रुंद पट्टी नीट बसली आहे ना, हेंही पाहावें. एक्स्पीची देखभाल तिच्या निर्मात्यांनीं २०१४ सालीं थांबविली आहे. तेव्हां असा जुना संगणक या कामासाठीं वापरतांना त्याला इंटरनेटपासून दूर ठेवणें शहाणपणाचें.

ज्यांनीं बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह घेतला आहे, त्यांनीं जोडणीचें भोंक तपासावें. यूएसबीच्या पहिल्या पिढीची मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट होती. हिशेब केला तर त्या वाटेनें गाण्याच्या वेगाच्या आठपटीपलीकडे जातां येत नाहीं, मग ड्राइव्ह कितीही चपळ असो. दुसऱ्या पिढीची मर्यादा ४८० मेगाबिट आहे आणि ती या कामाला पुरून उरते. अनेक जोडण्यांचा ठोकळा मध्यें न घालतां ड्राइव्ह संगणकाच्या मागच्या भोंकांत थेट जोडला, तर त्यास वीजही पुरेशी मिळते.

परंतु श्रोतेहो, तिसरें कारण या दोहोंहून महत्त्वाचें आहे. आणि घाई करणारा फसतो तो येथेंच. सीडीची योजना गाणें ऐकण्यासाठीं झाली, नक्कल उतरण्यासाठीं नव्हे. तबकडीवर धूळ असणार, ओरखडे असणार, हें जाणून तिच्या कर्त्यांनीं आंकड्यांत दुरुस्तीची सोय करून ठेवली. लगतचे आंकडे ते शेजारीं शेजारीं न लिहितां दूर दूर विखरून लिहितात, आणि सोबत पडताळ्याचे जादा आंकडे ठेवतात. त्यामुळें रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा भाग खराब झाला, तरी मूळ आंकडे जसेच्या तसे पुन्हां मिळूं शकतात. त्याहून मोठी जखम असेल तर यंत्र आजूबाजूच्या मापांवरून अंदाज बांधून मधली जागा भरून काढतें. ऐकणाऱ्याला तें कळत नाहीं. पण नक्कल करणारा हा अंदाजच खरा म्हणून कायमचा जतन करतो, आणि जेथें अंदाजही चालत नाहीं तेथें 'टक्' असा आवाज उमटतो. तानेच्या ऐन भरांत असा खडा लागला, म्हणजे तो पुढच्या प्रत्येक श्रवणांत आणि प्रतीच्या प्रत्येक प्रतींत लागत राहतो. त्यांतून, संगणकाच्या सामग्रीच्या तबकडीवर प्रत्येक तुकड्याचा पत्ता बिनचूक लिहिलेला असतो, तसा संगीताच्या तबकडीवर नसतो. वाचन मध्येंच थांबून पुन्हां सुरू झालें, तर ड्राइव्ह थोडा पुढें किंवा मागें उतरण्याचा संभव राहतो.

यावर उपाय म्हणून सावध वाचन करणारीं सॉफ्टवेअरें निघालीं. विंडोजवर १९९८ पासून प्रचारांत आलेलें 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणि लिनक्सवरील 'सीडीपॅरानॉया' हीं त्यांत विशेष प्रसिद्ध आहेत. पहिल्याची सावध पद्धत अशी कीं, तें प्रत्येक तुकडा निदान दोनदां वाचतें आणि दोन्ही वाचनें जुळलीं नाहींत, तर तोच तुकडा पुन्हां पुन्हां वाचतें. ड्राइव्हच्या स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यांतून तेंच उत्तर परत येऊं नये म्हणून त्याला तो साठाही प्रत्येक वेळीं चुकवावा लागतो. साहजिकच वेळ कित्येक पटींनीं वाढतो. ज्या पाऊण तासाची आपण तक्रार करतों, त्याचें मूळ बहुधा येथें असतें. आणि त्रासून 'सावध' हा पर्याय काढून टाकणें म्हणजे मुद्रितशोधकाला घालवून पुस्तक लवकर छापण्यासारखें आहे.

मग करावें काय? सावधपणा सोडावयाचा नाहीं, फक्त तो जेथें हवा तेथेंच खर्चावयाचा. याची रीत अशी. प्रथम तबकडी जलद पद्धतीनें, न थांबतां, एका दमांत वाचून घ्यावी. या सॉफ्टवेअरांत प्रत्येक गाण्याच्या आंकड्यांपासून पडताळ्याची एक संख्या काढण्याची सोय असते. त्याच तबकडीची प्रत काढणाऱ्या जगांतील इतरांच्या संख्या 'अ‍ॅक्युरेटरिप' नांवाच्या सामायिक नोंदवहींत जमा आहेत. आपली संख्या तीशीं जुळली, तर निराळ्या ड्राइव्हवर, निराळ्या गांवीं, निराळ्या माणसानें काढलेली प्रत आपल्या प्रतीशीं तंतोतंत सारखी निघाली असा त्याचा अर्थ. मग दुसऱ्या वाचनाचें कारणच उरत नाहीं. कित्येक मराठी तबकड्या या नोंदवहींत सांपडणार नाहींत. त्यांच्यासाठीं 'टेस्ट अँड कॉपी' हा मार्ग आहे: संपूर्ण गाणें दोनदां जलद वाचावें आणि दोन्ही वेळच्या संख्या ताडून पाहाव्या. संख्या सारख्या आल्या तर प्रत विश्वासार्ह समजावी. ज्या गाण्याच्या निराळ्या येतील, तेवढ्याच गाण्यापुरतें सावध वाचन लावावें.

यानें किती वेळ वांचतो, याचा एक हिशेब करूं. समजा, घरांत २०० तबकड्या आहेत आणि त्यांतल्या २० ओरखडलेल्या आहेत. सरसकट सावध वाचनाला दर तबकडीस १५ मिनिटें धरलीं, तर ३,००० मिनिटें म्हणजे ५० तास होतात. ओरखडलेल्यांना याहूनही अधिक लागेल तो निराळाच. उलट, जलद वाचनाला ४ मिनिटें धरून सर्व तबकड्या दोनदां वाचल्या तरी १,६०० मिनिटें होतात. ओरखडलेल्या २० तबकड्यांना वर आणखी २० मिनिटें दिलीं तर ४०० मिनिटें वाढतात. एकूण २,००० मिनिटें, म्हणजे सुमारे ३३ तास. ज्या तबकड्या नोंदवहीशीं जुळतील त्यांचें दुसरें वाचन वांचून हा आंकडा आणखी उतरेल. संगणकांत दोन ड्राइव्ह असतील आणि दोहोंवर एकाच वेळीं काम चालविलें, तर तो निम्म्यावर येईल. दोन महिन्यांच्या रविवारच्या सकाळींत हें काम सहज आटोपतें.

या हिशेबांत ओरखडलेल्या तबकड्यांची संख्या कमी करणें बऱ्याच अंशीं आपल्याच हातीं आहे. आपल्या उपनगरांतला पावसाळा दमट, आणि रस्त्यांवरची धूळ बारमाही. तबकडीवर बुरशीचा किंवा बोटांचा डाग असला, तर ड्राइव्ह तोच भाग पुन्हां पुन्हां वाचूं लागतो आणि आपला वेगही उतरवितो. म्हणून वाचनापूर्वीं प्रत्येक तबकडी मऊ सुती कापडानें पुसावी. पण पुसतांना हात मधून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवूं नये. गोल घासतांना ओरखडा उठला तर तो रेघेच्या दिशेनेंच जातो आणि सलग बराच मजकूर नाहींसा करतो. आडवा ओरखडा मात्र प्रत्येक वेढ्याला जेमतेम स्पर्श करतो, आणि तेवढी जखम आंतली दुरुस्ती भरून काढते. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चकचकीत बाजू तेवढी जपावयाची, असें आपण समजतों. वस्तुतः त्या बाजूस १.२ मिलिमीटर जाडीचें प्लास्टिकचें कवच असतें. नांवें छापलेल्या बाजूस मात्र धातूच्या पातळ थरावर केवळ लाखेसारखा लेप असतो. तेथें खोलवर ओरखडा गेला तर खालचें लेखनच खरवडलें जातें, आणि त्यावर इलाज नाहीं.

उतरलेले आंकडे तसेच ठेवले तर जागा फार लागते, म्हणून ते दाबून लहान करतात. एमपी३ पद्धतींत कानाला न जाणवणारा भाग वगळला जातो. तो पुन्हां मिळत नाहीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक पद्धतींत कांहींच गमावत नाहीं आणि जागा साधारणपणें निम्म्याच्या थोडी वर लागते. दोनशें तबकड्यांना ७० ते ८० गिगाबाइट पुरतात. जागा स्वस्त झालेल्या आजच्या काळांत मूळ संग्रह फ्लॅकमध्येंच ठेवावा आणि भ्रमणध्वनीसाठीं त्यावरून एमपी३ करून घ्यावें. म्हणजे तबकडी दुसऱ्यांदा काढावी लागणार नाहीं. संगणक फार जुना असेल, तर वाचन आणि दाबणें हीं दोन कामें एकाच वेळीं त्याच्यावर लादूं नयेत. दिवसा नुसतें वाचून घ्यावें आणि दाबण्याचें काम रात्रीं लावून द्यावें. नव्या प्रक्रियकांना ही अडचण नाहीं.

खरा वेळ पुष्कळदां जातो तो नांवें लिहिण्यांत. गाण्यांचीं नांवें आपोआप पुरविणारी 'फ्रीडीबी' ही सामायिक यादी २०२० सालीं बंद झाली. 'म्यूझिकब्रेन्झ' चालू आहे. परंतु तेथें मराठी नांवें मिळालींच तर बहुधा रोमन लिपींत, आणि एकाच गायकाचें नांव तीन प्रकारांनीं लिहिलेलें. यासाठीं आरंभींच एक पद्धत ठरवावी: आधीं कलावंत, मग राग किंवा नाटक, मग चीज, आणि सर्व देवनागरींत. एक तबकडी वाचली जात असतांना दुसरीच्या वेष्टनावरील मजकूर टंकित करावा. त्या वेष्टनावरचीं साथीदारांचीं नांवें, मुद्रणाचें साल हेंही उतरून घ्यावें. तबलजीचें नांव पुष्कळदां त्या कागदाखेरीज इतरत्र कोठें सांपडत नाहीं.

आतां एका गोष्टींत मात्र घाई करूं नये. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहांत, मुलुंडच्या कालिदासांत, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहांत किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवांत घरच्याच कोणीं गायिलेलें गाणें एकाद्या हौशी मित्रानें कोऱ्या सीडीवर उतरवून दिलेलें असतें. अशा तबकडीवरचें लेखन कारखान्यांत उमटविलेल्या खळग्यांचें नसून रंगद्रव्याच्या थरांत केलेलें असतें, आणि उन्हानें व उष्णतेनें तें विटतें. त्या गाण्याची दुसरी प्रत बहुधा जगांत नसते. विकत घेतलेल्या तबकडीची प्रत बिघडली, तर कोणा दुसऱ्याकडे ती सांपडेल. याची सांपडणार नाहीं. म्हणून क्रम लावतांना या तबकड्या सर्वांत आधीं घ्याव्या, ड्राइव्हचा वेग आठपटीपर्यंत उतरवून सावध वाचन करावें, आणि एका ड्राइव्हनें हार खाल्ली तर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर प्रयत्न करावा. एकाला जें वाचतां येत नाहीं तें दुसऱ्याला पुष्कळदां वाचतां येतें. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे सभासद लाखेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक. एकेकाळीं घरोघरीं असलेली वस्तु दोन पिढ्यांत किती दुर्मिळ होते, हें अशा संग्राहकांना चांगलें ठाऊक असतें. सीडीही त्याच मार्गाला लागली आहे.

शेवटीं कायद्याविषयीं एक शब्द. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५२ वें कलम, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, खासगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठीं केलेला न्याय्य व्यवहार हें हक्कभंग मानीत नाहीं. विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःच्या श्रवणासाठीं प्रत ठेवणें निराळें आणि तीच प्रत गांवभर वाटणें निराळें, हा विवेक राखावा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें चालतो.

सारांश, वाट मोकळी करावी, तबकडी स्वच्छ करावी, पहिलें वाचन जलद करून पडताळा घ्यावा, आणि जेथें पडताळा जुळत नाहीं तेथेंच वेळ खर्चावा. काम पुरें झालें म्हणजे संग्रहाच्या दोन प्रती करून एक प्रत दुसऱ्या घरीं, शक्य तर दुसऱ्या उपनगरांत राहणाऱ्या आप्ताकडे ठेवावी. कारण संगणकाची चकतीही एक दिवस बंद पडतेच. आणि मूळ तबकड्या? त्या रद्दीवाल्याला देऊं नयेत. कोरड्या जागीं, उभ्या ठेवाव्या. त्यांच्यासोबतचे कागद तर अवश्य ठेवावे. पुढील रविवारीं आपल्या कपाटांतला तो खालचा कप्पा उघडून निदान पहिल्या दहा तबकड्या बाहेर काढाव्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.